दर आठवड्याला ‘स्टार्ट’ मारल्याने गाडी टिकत नाही

जर्मनीत अनेक स्पोर्ट्स कारच्या नंबरप्लेटवर उजव्या कडेला दोन आकडे असतात. वर ०४, खाली १० असेल तर गाडी एप्रिल ते ऑक्टोबर रस्त्यावर, एरवी गॅरेजात. अशा गाडीच्या मालकाला हमखास मिळणारा सल्ला: आठवड्यातून एकदा इंजिन दहा मिनिटं चालू ठेवा, म्हणजे बॅटरी आणि इंजिन दोन्ही ठणठणीत राहतील.

होतं उलटंच. लिटरभर पेट्रोल जळताना साधारण लिटरभर पाणी तयार होतं, वाफेच्या रूपात. लांब पल्ल्यावर ती सायलेन्सरमधून निघून जाते. थंड इंजिन जागच्या जागी चालवलं की तिचं पाणी सायलेन्सरमध्ये साचतं, ऑइलमध्येही उतरतं. ऑइलचं झाकण उघडा, आत पिवळट सायीसारखा थर दिसेल. (लगेच हेड गॅस्केट, म्हणजे कूलंट ऑइलमध्ये शिरू न देणारं इंजिनातलं सील, गेलं म्हणून घाबरू नका.) ऑइल चांगलं तापल्याशिवाय हे पाणी उडत नाही, आणि दहा मिनिटांत ते तापत नाही.

बॅटरीचंही तेच. स्टार्टरने ओढलेली वीज आयडलिंगवर भरून निघेलच असं नाही. मेंटेनर चार्जर, म्हणजे उभ्या गाडीची बॅटरी भरलेली ठेवणारा चार्जर, लावून ठेवा, झालं.

वसंतात गाडी काढताना टायरची हवा तपासा, एअर फिल्टरमध्ये उंदरांनी घर केलंय का पाहा. ब्रेक डिस्कवरचा तांबूस गंज पहिल्या काही ब्रेकांत घासून जातो. मात्र कूलंटच्या (इंजिन थंड ठेवणाऱ्या द्रवाच्या) तापमानाचा काटा मध्यावर आला म्हणजे ऑइल तापलं असं नव्हे, ते मागाहून तापतं. तोवर ॲक्सिलरेटर जपून.