'मानवी सेवनासाठी नाही': एका छापील ओळीची पार्श्वभूमी

२००९ साली ब्रिटनमध्ये एखाद्याने संगणकावरून 'वनस्पती खत' मागवलं, की दोन दिवसांत टपालाने झिप लावलेली बोटभर पिशवी घरी यायची. आत ग्रॅमभर पांढरी भुकटी, म्हणजे मेफेड्रोन नावाचं नशेचं रसायन, किंमत दहा ते पंधरा पौंड. तेवढ्यात खऱ्या खताची गोणी आली असती. अमेरिकेत अशाच भुकटीची डबी 'बाथ सॉल्ट' म्हणून पेट्रोल पंपाशेजारच्या दुकानात मिळे. 'स्पाइस' नावाचा सुका पाला युरोपभर 'धूप' म्हणून विकला जाई. नावं वेगळी, पण वेष्टनावरची एक ओळ हटकून सारखी: मानवी सेवनासाठी नाही.

गिऱ्हाइकाची दिशाभूल करायला ही ओळ छापत, असं अजूनही लिहिलं जातं. ते पटत नाही. आत काय आहे हे गिऱ्हाइकाला पक्कं ठाऊक असे. ती ओळ वकिलासाठी होती, आणि तिचे शब्द थेट कायद्यातून उचललेले होते.

ऐंशीच्या दशकात कॅलिफोर्नियात फेंटानिल या तीव्र वेदनाशामकाच्या रेणूत किरकोळ फेरफार करून नवे पदार्थ बाजारात येऊ लागले, माणसं मेली. बंदी असलेल्या पदार्थांच्या यादीत नाव नसल्याने बनवणाऱ्यावर खटला उभा राहत नव्हता. म्हणून १९८६ मध्ये अमेरिकेने कायदा केला: बंदी असलेल्या पदार्थाशी रचनेने आणि परिणामाने बराच मिळताजुळता पदार्थ असेल, तर त्यालाही बंदी असलेलाच समजावं, मात्र तो 'मानवी सेवनाच्या उद्देशाने' असेल तरच. ही अट अगदीच अवाजवी नव्हती. ती नसती तर प्रयोगशाळेत संशोधनासाठी रेणू बनवणाराही आरोपी ठरला असता. पण विक्रेत्यांना त्यातच वाट सापडली. उद्देश सेवनाचा हवा ना? मग तो नाही, असं आम्ही छापूनच देतो.

खटल्यांत ही ओळ पुढे उलटू लागली. आंघोळीच्या मिठाची अर्ध्या ग्रॅमची डबी कोण घेतं? अंगाला लावायच्या वस्तूवर 'खाऊ नका' असं पुन्हापुन्हा बजावायची वेळ का येते? सरकारी वकील किंमत, वजन आणि दुकानाची जागा दाखवत आणि उद्देश त्यावरून सिद्ध करू पाहत. विक्रेत्याला नक्की काय ठाऊक होतं, हा प्रश्न मात्र लोंबकळत राहिला. बाथ सॉल्टच्या एका घाऊक विक्रेत्याचा खटला थेट अमेरिकेच्या सर्वोच्च न्यायालयात गेला. जून २०१५ मध्ये न्यायालयाने सांगितलं, की माल माणसांच्या पोटात जाणार हे विक्रेत्याला माहीत होतं एवढं पुरेसं नाही. पदार्थ कायद्याने बंदी असलेला किंवा तसा समजला जाणारा आहे हे त्याला ठाऊक होतं, किंवा ज्या गुणधर्मांमुळे तो तसा ठरतो ते ठाऊक होते, हे सरकारने सिद्ध करायला हवं. म्हणजे सेवनाच्या शब्दांवरून तीस वर्षं चाललेली झटापट शेवटी विक्रेत्याच्या डोक्यात काय होतं, यावर येऊन ठेपली.

ब्रिटनमध्ये याच ओळीचं काम निराळं होतं. तिथे अमेरिकेसारखं 'मिळताजुळता' कलम नव्हतं. बंदी यादीतल्या नावांवर आणि रासायनिक गटांवर होती. ओळ छापायची ती १९६८ चा औषध कायदा आणि अन्नसुरक्षेचे नियम टाळायला. दोन्ही देशांतल्या पाकिटांवर शब्द तेच असल्याने पुढच्या लिखाणात या दोन गोष्टींची कायमची सरमिसळ झाली आहे.

स्पाइस २००४ च्या सुमारास दिसू लागला. पाकिटावर निळं कमळ, सिंहपुच्छ अशी वनस्पतींची ऐटदार यादी. डिसेंबर २००८ मध्ये एका जर्मन प्रयोगशाळेला त्यात जेडब्ल्यूएच-०१८ सापडलं, म्हणजे गांजातल्या द्रव्यासारखं काम करणारं कृत्रिम रसायन, पाल्यावर फवारलेलं. ऑस्ट्रियाने त्याच महिन्यात आणि जर्मनीने जानेवारी २००९ मध्ये बंदी घातली. बाजारात लगेच पुढचा रेणू आला.

मेफेड्रोनचा रेणू १९२९ पासून कागदोपत्री होता. ब्रिटनने त्यावर १६ एप्रिल २०१० पासून बंदी आणली, आणि ती कशी आणली यावर अजून वाद आहे. मार्चमध्ये स्कनथॉर्प गावातल्या दोन तरुणांच्या मृत्यूचं खापर याच 'खता'वर फुटलं. वर्तमानपत्रांनी रान उठवलं. निवडणूक तोंडावर होती. संसद विसर्जित होण्याआधीच्या घाईत आदेश मंजूर झाला. सरकारच्या सल्लागार मंडळातल्या सदस्यांनी राजीनामे दिले. मे महिन्यात तपासणीचा निष्कर्ष बाहेर आला: त्या दोघांच्या शरीरात मेफेड्रोन नव्हतंच, मेथाडोन हे वेगळंच द्रव्य होतं. बंदी योग्य असेलही, पण जी कारणं देऊन ती आणली ती खरी नव्हती, आणि याची चर्चा बंदीच्या मानाने फारच थोडी झाली. (अमेरिकेत २०१२ मध्ये मायामीतल्या एका भीषण हल्ल्याचं खापर बाथ सॉल्टवर फुटलं, चाचणीत फक्त गांजा निघाला.) बंदीनंतर 'एनआरजी-१' नावाची नवी कायदेशीर पुडी आली. तपासल्यावर तिच्यात अनेकदा जुनंच मेफेड्रोन मिळालं.

रेणूमागे रेणू पळत राहण्याला कंटाळून सरकारांनी नियमच फिरवला. आयर्लंडने ऑगस्ट २०१० मध्ये मनावर परिणाम करणारं काहीही विकणं गुन्हा ठरवलं. पोलंडमध्ये हा माल 'संग्राहकांसाठीची वस्तू' म्हणून विकला जाई; तिथे त्याच वर्षी हजारावर दुकानं बंद केली. न्यूझीलंडने २०१३ मध्ये वेगळा मार्ग धरला: धोका कमी आहे हे सिद्ध करा आणि विका. मे २०१४ मध्ये हंगामी परवाने रद्द झाले आणि प्राण्यांवरच्या चाचण्यांचा पुरावाही चालणार नाही असं ठरलं. मग सिद्ध करायचं कसं? ब्रिटनचा सरसकट कायदा २६ मे २०१६ ला लागू झाला. दारू, निकोटीन आणि कॅफिनला सूट. खोलीतलं सुगंधी द्रव्य म्हणून विकले जाणारे, पण नशेसाठी हुंगले जाणारे 'पॉपर्स' मेंदूवर थेट परिणाम करत नाहीत, असा सल्ला मिळाल्याने त्यांना आधी मोकळं ठेवलं गेलं. क्रीम फेटायच्या नळकांडीतल्या नायट्रस ऑक्साइडला (लाफिंग गॅसला) मात्र नोव्हेंबर २०२३ मध्ये थेट बंदी असलेल्या यादीत जावं लागलं.

आपल्याकडे भांग घातलेली 'मुनक्का' आयुर्वेदिक गोळी म्हणून पानटपरीवर विकली जाते, त्यामुळे वेष बदललेली नशा नवी नाही. मेफेड्रोनला मात्र मुंबईत वेषाची गरजच पडली नाही. ब्रिटिश टोपणनाव 'म्याव म्याव' इथे पोचलं, खताचं पाकीट पोचलं नाही. आपला अमली पदार्थांवरचा एनडीपीएस कायदा अनुसूचीवर, म्हणजे पदार्थांच्या यादीवर, चालतो आणि अनुसूचीत हे नाव नव्हतं. पुडी सापडली तरी त्या कायद्याखाली हात घालता येत नसे. फेब्रुवारी २०१५ मध्ये नाव अनुसूचीत आलं. पुढे ५० ग्रॅमहून जास्त माल म्हणजे 'व्यापारी प्रमाण', अर्थात जास्त कडक शिक्षेचं, असं धरलं जाऊ लागलं. (मुंबईत त्याला 'एमडी' म्हणतात आणि बातम्यांत ते वरचेवर एमडीएमएशी एकरूप होतं, ते वेगळं रसायन.)

त्यानंतर इथे वेष आला, पण तो पुडीला नव्हे, कारखान्याला. फेब्रुवारी २०२४ मध्ये पुणे पोलिसांच्या कारवाईत दीड हजार किलोहून अधिक मेफेड्रोन पकडलं गेलं. ते बनत होतं कुरकुंभच्या औद्योगिक वसाहतीतल्या एका रासायनिक कारखान्यात, आणि काही माल विश्रांतवाडीच्या गोदामात मिठाच्या पाकिटांत ठेवलेला सापडला. ही पाकिटं निव्वळ लपवण्यासाठी होती. कायद्याशी शब्दांवरून हुज्जत घालायला २०१५ नंतर जागाच उरली नव्हती.