ऑर्किडचं पान सुकलं, तर आधी मुळं बघा

फॅलेनॉप्सिस या ऑर्किडची पानं लुळी पडून त्यांवर सुरकुत्या आल्या की बहुतेकांचा हात आधी झारीकडे जातो. झाड तहानलेलं दिसतं आणि ते खरोखर तहानलेलंच असतं. पण पुष्कळदा कुंडी आतून ओलीचिंब असते आणि पाणी ओढणारी मुळंच कुजून गेलेली असतात. अशा वेळी आणखी पाणी घातलं की उरलीसुरली मुळंही जातात. म्हणून पानावर कसलाही बिघाड दिसला तरी पहिली तपासणी मुळांची करावी, असं माझं ठाम मत आहे.

ऑर्किडच्या सुमारे २८,००० जाती माहीत आहेत आणि त्यांतल्या निम्म्याहून कितीतरी अधिक जाती दुसऱ्या झाडांच्या फांद्यांवर वाढतात. मातीशी त्यांचा संबंध येत नाही. त्यांच्या मुळांभोवती व्हेलामेन नावाचं मृत पेशींचं जाडसर आवरण असतं. पाऊस आला की हे आवरण काही सेकंदांत पाणी शोषतं आणि पुढचे कित्येक तास ते मुळाला पुरवत राहतं. कोरड्या व्हेलामेनच्या पेशींत हवा भरलेली असते, म्हणून मूळ चंदेरी-पांढरं दिसतं. भिजल्यावर आवरण पारदर्शक होतं आणि आतल्या हरितद्रव्याचा हिरवा रंग दिसू लागतो. पाणी कधी घालायचं हे सांगणारी याहून चांगली खूण मला माहीत नाही. मुळं हिरवी दिसत असतील तर थांबायचं, बहुतेक मुळं चंदेरी झाली की पाणी घालायचं. पारदर्शक कुंडी वापरायची ती यासाठीच.

फांदीवरच्या मुळाला भरपूर पाणी मिळतं आणि लगोलग वाराही मिळतो. कुंडीत मातीऐवजी भरलेली झाडाची साल किंवा मॉस (शेवाळ) सतत ओलं राहिलं तर वारा मिळत नाही. मुळांनाही श्वसनासाठी ऑक्सिजन लागतो. तो तुटला की पेशी मरू लागतात आणि त्या मेलेल्या भागातून बुरशी व तत्सम रोगजंतू आत शिरतात. साल जुनी झाली की तिचा भुगा होतो, मधल्या पोकळ्या बुजतात आणि नेहमीइतकंच पाणीदेखील जास्त ठरतं. ‘मी तर पाणी बदललेलं नाही, मग झाड का बिघडलं?’ या प्रश्नाचं उत्तर बहुधा या भुग्यातच असतं. साल साधारण दर दोन वर्षांनी बदलावी लागते.

तपासायचं कसं? झाड कुंडीतून अलगद बाहेर काढा, मुळं धुवा आणि एकेक मूळ चिमटीत दाबून बघा. टणक लागलं तर ते जिवंत आहे, मग सालीच्या डागांनी तपकिरी का दिसेना. निव्वळ रंगावर जाऊन मुळं छाटणाऱ्यांच्या हातून पुष्कळ चांगली मुळं जातात. कुजलेलं मूळ दाबलं की पिचकतं, त्यातून पाणी येतं. किंचित ओढलं तर वरचं आवरण मोज्यासारखं निघून हातात येतं आणि मागे फक्त मधला तारेसारखा धागा उरतो. असं मूळ निर्जंतुक केलेल्या कात्रीने निरोगी भागापर्यंत कापायचं, झाड नव्या सालीत आणि उरलेल्या मुळांना जेमतेम पुरेल एवढ्याच कुंडीत लावायचं. मोठी कुंडी म्हणजे जास्त ओल. कापल्या जागी दालचिनीची पूड लावण्याची पद्धत आहे. पानावरच्या जखमेला ती ठीक, पण ती कोरडेपणा आणते, त्यामुळे चांगल्या मुळांवर ती पसरू देऊ नये.

मुळं जवळजवळ उरलीच नसतील तरी झाड लगेच टाकू नका. पिळून घेतलेल्या जेमतेम दमट स्पॅग्नम मॉसवर ते पारदर्शक पिशवीत ठेवा, सौम्य उजेडात, उन्हापासून दूर. पिशवीतल्या दमट हवेत पानांतून पाणी कमी उडतं आणि झाडाला नवी मुळं फोडायला वेळ मिळतो. यात आठवडेच काय, महिनेही जातात. जुन्या पानांच्या सुरकुत्या कदाचित कधीच जाणार नाहीत. सुधारणा बघायची ती मुळांच्या नव्या हिरव्या टोकांत.

आता पानांवरचे डाग. डाग कोणत्या रंगाचा आहे यापेक्षा तो पसरतो आहे का, हे आधी पाहावं. डागाच्या कडेला पेनाने बारीक रेघ मारून ठेवा. उन्हाने भाजलेला डाग आधी फिकट पडतो, मग तपकिरी किंवा काळा होतो, पण कोरडा राहतो आणि रेघ ओलांडत नाही. त्याला औषध नको, झाडाची जागा बदला. डाग पाणथळ, मऊ असेल आणि एकदोन दिवसांत रेघेपलीकडे गेला असेल तर ती जिवाणूंची सड समजावी. काही प्रकारांत घाण वासही येतो. इथे थांबून चालत नाही. डागाच्या बऱ्याच अलीकडे, निरोगी भागातून पान कापा, झाड बाजूला ठेवा, पानांवर पाणी उडवणं बंद करा आणि हवा खेळती ठेवा.

फॅलेनॉप्सिसच्या बाबतीत सर्वांत घातक सड मधल्या पोंग्यातली. हे झाड एकाच टोकातून वाढतं. पोंग्यात साचलेलं पाणी रात्रभर राहिलं आणि तो कोंब सडला, तर वरची वाढ कायमची थांबते. कधी बुंध्याशी पिल्लू फुटतं, पण त्याची खात्री नसते. पाणी सकाळी घालावं, आणि पोंग्यात गेलंच तर कागदाच्या टोकाने टिपून घ्यावं.

सर्वांत खालचं एखादं पान सावकाश पिवळं पडून गळालं तर ते वय झाल्यामुळे. कॅटासेटमसारख्या काही जाती तर विश्रांतीच्या काळात सगळी पानं गाळतात. देठावर किंवा कळीवर दिसणारा चिकट, पारदर्शक थेंबही अनेकदा झाडाचा स्वतःचा मधुरस असतो. मात्र पानं चिकट लागत असतील तर कीड शोधावी. पिठ्या ढेकूण कापसाच्या बारीक पुंजक्यासारखा पानांच्या बेचक्यात आणि मुळांतही लपतो. खवले कीड तपकिरी टिकलीसारखी चिकटून बसते आणि नखाने निघते. कोळी, म्हणजे रस शोषणारी कोळी कीड, फार लहान असतो. पानाची खालची बाजू चंदेरी, खरबरीत दिसली की पांढऱ्या कागदाने पुसा, तांबूस रेघा उमटल्या तर कोळी आहे. पिठ्या आणि खवले कीड ७० टक्के आयसोप्रोपिल अल्कोहोलमध्ये भिजवलेल्या कापसाने पुसून काढता येते. एकदा करून भागत नाही, कारण लपलेली अंडी आणि पिल्लं उरतात. दर आठवड्याला, निदान महिनाभर पुसावं लागतं.

कळ्या उमलण्याआधीच पिवळ्या पडून गळतात तेव्हा रोग असतोच असं नाही. जागेतला अचानक बदल, कोरडी गरम हवा किंवा जवळ ठेवलेली पिकती फळं एवढंही कारण पुरतं. फळांतून निघणारा एथिलीन वायू कळ्यांना सोसत नाही.

उपाय नाही तो विषाणूंवर. सिंबिडियम मोझॅक आणि ओडोन्टोग्लॉसम रिंगस्पॉट हे दोन विषाणू जगभरच्या लागवडीतल्या ऑर्किडमध्ये आढळतात. पानांवर फिकट पट्टे, काळे खोलगट डाग किंवा वलयं, फुलांच्या रंगात तुटकपणा, अशी लक्षणं दिसतात, आणि कधी काहीच दिसत नाही. खात्री हवी तर चाचणीपट्टी मिळते. बाधित झाड बरं होत नाही. ते नष्ट करणंच इष्ट, आणि ठेवायचंच असेल तर बाकीच्यांपासून दूर. हे विषाणू मुख्यतः रसातून, म्हणजे आपल्याच कात्रीवरून पसरतात. कात्री अल्कोहोलने पुसणं त्यांच्यासाठी पुरेसं नाही. एका झाडाकडून दुसऱ्याकडे जाताना पातं ज्योतीवर नीट तापवून घ्यावं, किंवा प्रत्येक झाडाला नवं ब्लेड वापरावं.