दिवाळीचा तो फोटो आणि सिनेमातला धूर

दर दिवाळीला आमच्या सोसायटीच्या व्हॉट्सअ‍ॅप ग्रुपवर एक फोटो हटकून येतो. काळ्या पार्श्वभूमीवर भारताचा नकाशा, त्यावर पांढरे, निळे, हिरवे, लाल दिवे आणि खाली ओळ : 'दिवाळीच्या रात्री नासाने अवकाशातून टिपलेला भारत'. मग नमस्कारांची रांग लागते.

चित्र खरं आहे, ओळ खोटी. अमेरिकेच्या 'नोआ' या हवामान-समुद्र संस्थेतले शास्त्रज्ञ ख्रिस एल्विज यांनी ते २००३ साली तयार केलं. लष्करी हवामान उपग्रहांनी अनेक वर्षं नोंदलेला रात्रीचा उजेड त्यात एकावर एक मांडलाय. १९९२ च्या आधीपासून दिसणारे दिवे पांढरे, १९९२ मध्ये दिसू लागलेले निळे, १९९८ चे हिरवे आणि २००३ चे लाल. म्हणजे गावं-शहरं कशी पसरत गेली त्याचा हा नकाशा. दिवाळीचा जादा उजेड अवकाशातून बहुधा जाणवतही नाही, असा खुलासा नासानेच २०१२ मध्ये केला होता. मी हे ग्रुपवर लिहिलं, तर एका काकांनी विचारलं, "म्हणजे फोटो खोटाच ना?"

खोटा नाही काका, तो फोटोच नाही. ते आकडे आहेत, रंगवलेले.

काकांचा प्रश्न आता वारंवार येणार, कारण आकडे रंगवायची हत्यारं फार देखणी झाली आहेत आणि त्यातली बरीचशी सिनेमाच्या कारखान्यातून आली आहेत. नासाच्या गोडार्ड केंद्रातला दृश्यांकन विभाग पिक्सार या अ‍ॅनिमेशन स्टुडिओचं रेंडरमॅन हे चित्र घडवणारं सॉफ्टवेअर वापरत आलाय. समुद्राचे प्रवाह भोवऱ्यांसारखे गरगरताना दाखवणारी त्यांची २०११ ची फिल्म तुम्ही कदाचित पाहिलीही असेल. इलिनॉय विद्यापीठातल्या महासंगणक केंद्रात डॉना कॉक्स यांनी उभा केलेला गट चक्रीवादळं नि ताऱ्यांची गणितं हुडिनी नावाच्या सॉफ्टवेअरमधून पडद्यावर आणतो. हे तेच हुडिनी, ज्यात सिनेमातले स्फोट, आगी आणि पूर घडवले जातात.

स्फोट घडवणाऱ्या सॉफ्टवेअरचं शास्त्रज्ञांना काय काम? तर धूर. खुर्चीचं चित्र काढणं सोपं असतं, कारण तिला पृष्ठभाग आहे. नजरेचा किरण खुर्चीवर आपटला की काम संपलं. धुराला पृष्ठभाग नाही. तो इथे थोडा, तिथे जास्त, असा सगळीकडे भरलेला. आणि ताऱ्याभोवतीचा वायू, ढगातलं बाष्प, वादळातला वाऱ्याचा वेग हे सगळं संगणकाच्या लेखी धुरासारखंच असतं : एक मोठा डबा, त्याचे छोटे छोटे घन कप्पे आणि प्रत्येक कप्प्यात एक आकडा.

याचं चित्र कसं होतं ते समजायला पावसाळ्यात खंडाळ्याच्या घाटात उभं राहावं. समोरून ट्रक येतोय, मध्ये धुकं. धुक्याचा प्रत्येक पट्टा दोन कामं करतो. मागून येणाऱ्या उजेडातला थोडा खातो आणि स्वतःवर पडलेल्या उजेडातला थोडा तुमच्याकडे पाठवतो. संगणक हेच करतो, फक्त उलट्या दिशेने. पडद्यावरच्या प्रत्येक ठिपक्यासाठी कॅमेऱ्यातून एक किरण डब्यात सोडायचा. किरणाने पावलापावलाला थांबून विचारायचं, इथे आकडा किती? मग एका तक्त्यात बघायचं, या आकड्याला रंग कोणता आणि अपारदर्शकता किती. तेवढा रंग बेरजेत टाकायचा, तेवढा उजेड वजा करायचा आणि पुढे सरकायचं. वाटेत लागलेल्या दाटपणाची बेरीज १ झाली की मागचा ३७ टक्के उजेड उरतो, २ झाली की १४, ३ झाली की ५. बेरीज ५ च्या वर गेली की एक टक्काही उरत नाही. तिथे किरण खुशाल थांबवावा, मागे काय आहे ते कुणालाच दिसणार नाही.

सिनेमात तो तक्ता दिग्दर्शक 'ओके' म्हणेपर्यंत फिरवतात. विज्ञानात तक्ता हाच सगळा जीव. आकडे तेच ठेवून तक्ता बदलला, तर वायूतली धडक-लाट (दाब एकदम उसळतो ती कड) ठळक उठून दिसते किंवा साफ गायब होते.

आता खरी गंमत, आणि इथे मला आवरत नाही. डब्याच्या प्रत्येक बाजूला हजार कप्पे धरले तर एकूण शंभर कोटी कप्पे झाले. प्रत्येकी चार बाइट, म्हणजे एका क्षणाला, दाटपणासारख्या एकाच मोजमापासाठी चार गिगाबाइट. सेकंदाला २४ चित्रं धरा आणि हात टेका. पण धुराचा डबा बहुतेक रिकामाच असतो. हे हेरून ड्रीमवर्क्स या अ‍ॅनिमेशन कंपनीत केन म्युसेथ यांनी ओपनव्हीडीबी ही आकडे साठवायची रचना बांधली आणि कंपनीने २०१२ मध्ये ती सर्वांना फुकट खुली केली. तिची कल्पना पोस्टाच्या पत्त्यासारखी आहे. सगळ्यात लहान गाव ८ × ८ × ८ कप्प्यांचं. अशी १६ × १६ × १६ गावं मिळून एक तालुका, म्हणजे एका बाजूला १२८ कप्पे. ३२ × ३२ × ३२ तालुक्यांचा एक जिल्हा, बाजूला ४०९६ कप्पे. तालुक्यात धूरच नसेल तर त्यातल्या वीस लाखांवर कप्प्यांसाठी एकदाच 'रिकामा' लिहायचं, संपलं. किरणही मग तालुका एका उडीत ओलांडतो.

खगोलशास्त्रज्ञांचे डबे मात्र असे सरळ नसतात. जिथे तारा जन्मतोय तिथे कप्पे बारीक आणि दूरच्या पोकळीत ढोबळ, डब्यात डबा, त्यात डबा. सिनेमाचं सॉफ्टवेअर एका मापाच्या कप्प्यांवर वाढलेलं, त्यामुळे मापं बदलतात तिथे चित्रात शिवणी दिसायला लागतात. इलिनॉयमधल्या लोकांनी २०१७ मध्ये खगोलशास्त्राचे आकडे हुडिनीत आणणारी 'वायटिनी' नावाची जोडणी प्रसिद्ध केली, ती बरीचशी याच भांडणाची तडजोड. दुसरं भांडण दशांशांचं. सिनेमाच्या सॉफ्टवेअरमधली संख्या साधारण सात अंकांपर्यंत अचूक असते. राक्षसाला शहर तुडवायला तेवढे अंक पुरतात, पण दीर्घिकेपासून ग्रहापर्यंत कॅमेरा नेला की तो थरथरायला लागतो.

हाच प्रकार आवाजातही चालतो. 'सूर्यातून ॐ ऐकू येतो, नासाने रेकॉर्ड केला' हा दिवाळीच्या फोटोचा सख्खा भाऊ. सूर्याचा पृष्ठभाग साधारण पाच मिनिटांच्या लयीत खालीवर होतो, हे खरं. पण ते झालं सेकंदाला ०.००३ कंपन आणि आपला कान २० च्या खाली बहिरा. सूर्यावर नजर ठेवणाऱ्या सोहो यानाने मोजलेली ही कंपनं शास्त्रज्ञांनी हजारो पटींनी वेगवान करून ऐकण्याजोगी केली, आणि त्या घुमण्यात ज्याला जे हवं ते त्याने ऐकलं.

सिनेमा आणि विज्ञान यांची सगळ्यात गाजलेली भागीदारी म्हणजे २०१४ च्या 'इंटरस्टेलर'मधलं कृष्णविवर. समीकरणं भौतिकशास्त्रज्ञ किप थॉर्न यांची, चित्रण लंडनच्या डबल निगेटिव्ह स्टुडिओचं. (गुरुत्वीय लहरी टिपणाऱ्या ज्या लायगो वेधशाळेसाठी थॉर्न यांना २०१७ मध्ये नोबेल मिळालं, तिचं भारतीय भावंड आपल्या हिंगोली जिल्ह्यात औंढा नागनाथजवळ उभं राहणार आहे.) इथे किरण सरळ जात नाहीत, कृष्णविवराभोवती वळसे घेतात. एकेक किरण सोडला तर तो ताऱ्याला कधी लागतो, कधी हुकतो आणि भल्यामोठ्या आयमॅक्स पडद्यावर तारे लुकलुकायला लागतात. म्हणून स्टुडिओने प्रत्येक ठिपक्यासाठी किरणांची बारीक जुडी सोडली. कॅमेऱ्यापाशी वर्तुळाकार असलेली जुडी आकाशात पोचेपर्यंत ताणली जाऊन लंबवर्तुळ होते. त्या लंबवर्तुळात सापडलेल्या ताऱ्यांचा उजेड त्या ठिपक्याला मिळतो. हे तंत्र इतकं नवं होतं की थॉर्न आणि स्टुडिओतले लोक यांनी मिळून २०१५ मध्ये त्यावर भौतिकशास्त्राच्या नियतकालिकात शोधनिबंधच लिहिला.

माझा आवडता भाग त्या निबंधातली कबुली. कथेला जवळपास कमाल वेगाने फिरणारं कृष्णविवर हवं होतं, पण त्याने चित्र एका बाजूला चेपलं जातं. म्हणून पडद्यावर कमालच्या ०.६ पट परिवलन दाखवलं. शिवाय भोवती फिरणारी तप्त वायूची तबकडी आपल्याकडे येते ती बाजू झगझगीत आणि दूर जाते ती मंद दिसायला हवी. हा डॉप्लर परिणाम प्रेक्षक गोंधळतील म्हणून काढून टाकला. निबंधात मात्र तो घातलेलं, एकीकडे कललेलं चित्रही छापलंय.

१० एप्रिल २०१९ रोजी 'इव्हेंट होरायझन' दुर्बिणींच्या जाळ्याने एम८७ दीर्घिकेतल्या कृष्णविवराचं पहिलं चित्र जाहीर केलं. कडं खालच्या बाजूला ठळक, वरच्या बाजूला फिकट, म्हणजे सिनेमाने गाळलेला तो लंगडेपणा हजर. ते चित्र १.३ मिलिमीटर लांबीच्या रेडिओ लहरींवरून तयार झालंय. या लहरींना डोळ्याला दिसेल असा रंगच नसतो. नारिंगी कुणीतरी निवडला.