चूक कळणं आणि चूक सुधारणं: एकाच कोडची दोन कामं

संदेशाला काही जादा बिट जोडले की तो सुखरूप पोचतो, एवढं बऱ्याच जणांना माहीत असतं. ते जादा बिट (ते जोडण्याची ठरावीक पद्धत म्हणजे कोड) पलीकडे नेमकं काय करतात, हे विचारलं की मात्र दोन कामांची सरमिसळ होते. एक, चूक झाली आहे हे ओळखणं. दुसरं, ती कुठे झाली हे शोधून दुरुस्त करणं. ओळखणं ही दुरुस्तीची अर्धी पायरी आहे आणि दुरुस्त करणारा कोड ओळखण्यातही आपोआप सरसच असणार, असा समज मी वर्गात वर्षानुवर्षं ऐकत आलो आहे. तो दूर व्हावा असं मनापासून वाटतं, कारण कोडची सगळी आखणी याच फरकावर उभी आहे.

अमेरिकी गणितज्ञ रिचर्ड हॅमिंग यांना हा फरक रागातून उमगला. १९४०च्या दशकाच्या शेवटी बेल लॅब्समध्ये ते शनिवार-रविवारी रिले संगणकावर कामं लावून जात. यंत्राला चूक ओळखता येई, पण सुट्टीच्या दिवशी ती निस्तरायला माणूस नसे. मग यंत्र ते काम सोडून पुढच्याकडे वळे आणि सोमवारी हाती काहीच लागत नसे. चूक झाल्याचं यंत्राला कळतं, तर ती कुठे झाली हे का कळू नये, हा त्यांचा प्रश्न होता. उत्तर १९५० साली प्रसिद्ध झालं.

ते उत्तर कागदावर करून बघण्यासारखं आहे. १०११ हे चार बिट पाठवायचे आहेत. सात जागा घ्या. १, २ आणि ४ या जागा पॅरिटीसाठी, म्हणजे तपासणीच्या जादा बिटांसाठी, ठेवा आणि उरलेल्या ३, ५, ६, ७ मध्ये आपले बिट भरा. पहिली पॅरिटी १, ३, ५, ७ या जागांवर लक्ष ठेवते, दुसरी २, ३, ६, ७ वर आणि तिसरी ४, ५, ६, ७ वर. प्रत्येक गटातल्या एकांची संख्या सम हवी. पाठवायचा सात बिटांचा शब्द, म्हणजे कोडशब्द, होतो ०११००११. वाटेत सहावा बिट उलटला तर येतो ०११०००१. पहिला गट बरोबर निघतो, दुसरा आणि तिसरा चुकतो. त्यांच्या पॅरिटीच्या जागांची बेरीज करा: दोन अधिक चार, सहा. चुकीने स्वतःचा पत्ता सांगितला! हा हिशेब शंभरदा केला असेल, तरी मला अजून आनंद होतो.

आता सहाव्याबरोबर तिसराही बिट उलटू द्या: ०१००००१. या वेळी पहिला आणि तिसरा गट चुकतो. एक अधिक चार, पाच. डिकोडर, म्हणजे पलीकडे संदेश उलगडणारी यंत्रणा, निःशंकपणे पाचवा बिट उलटतो, तिन्ही गट जुळतात आणि हाती येतं ०१०१. चारपैकी तीन बिट चुकले, तरी कुठेही धोक्याची सूचना नाही. हाच कोड नुसता ओळखण्यासाठी वापरला असता, तर ‘गट जुळत नाहीत, पुन्हा पाठवा’ असं बरोबर उत्तर मिळालं असतं.

कारण साधं आहे. या कोडमधले कोणतेही दोन कोडशब्द किमान तीन जागी वेगळे असतात, म्हणजे कोडचं अंतर तीन आहे. दोन चुकांनी एका कोडशब्दाचा दुसरा होत नाही, म्हणून दोन चुका ओळखू येतात. दुरुस्ती मात्र ‘सर्वांत जवळचा कोडशब्द’ निवडते आणि दोन चुकांनंतर भलताच शब्द जवळ आलेला असतो. अंतर सात असेल तर सहा चुका ओळखा, किंवा तीन दुरुस्त करा, किंवा दोनपर्यंत दुरुस्त करून तीन-चार झाल्यास नुसती सूचना द्या. पुंजी तीच, खर्च कशावर करायचा हे घेणारा ठरवतो.

मग नुसतं ओळखून परत मागवणंच का नको? संथ, बऱ्यापैकी स्वच्छ वाहिनीवर ते उत्तमच. संगणक जोडणाऱ्या इथरनेटमध्ये डेटाच्या प्रत्येक तुकड्याच्या, म्हणजे फ्रेमच्या, शेवटी ३२ बिटांचा सीआरसी हा डेटावरून काढलेला तपासणीचा आकडा असतो, तो नुसतं ओळखतो: जुळलं नाही की घेणारा फ्रेम टाकून देतो. वेग वाढला की गणित बदलतं. काचतंतूत प्रकाश सेकंदाला साधारण २ लाख किलोमीटर जातो, म्हणजे १००० किलोमीटर जाऊन यायला १० मिलिसेकंद. सेकंदाला ४०० गिगाबिट वाहणाऱ्या दुव्यावर तेवढ्यात ४ अब्ज बिट निघून गेलेले असतात. व्हॉयेजर १ या दूरवरच्या अवकाशयानाचा संदेश तर एका दिशेनेच २० तासांहून अधिक घेतो. तिथे दुरुस्ती जागच्या जागीच व्हायला हवी.

म्हणून ४०० गिगाबिट इथरनेटमध्ये रीड-सॉलोमन हा दुरुस्ती करणारा कोड असतो: दहा-दहा बिटांची ५१४ चिन्हं, जोडीला ३० जादा, आणि ५४४ पैकी कोणत्याही १५ चिन्हांची दुरुस्ती. पण फ्रेममधला तो जुना सीआरसी काढलेला नाही. आतला कोड सुधारतो, बाहेरचा तपासतो, आणि हे बरोबरच आहे, कारण चुकीची दुरुस्ती स्वतः बोलत नाही हे वर दिसलंच.

५जीमध्येही डेटाच्या मोठ्या ब्लॉकला आधी २४ बिटांचा सीआरसी लागतो, मग एलडीपीसी या दुरुस्ती करणाऱ्या कोडने कोडिंग होतं. डिकोडरने हात टेकले आणि सीआरसी जुळला नाही, तर फोन पुन्हा मागणी करतो. पण आधीचा बिघडलेला ब्लॉक तो फेकत नाही. प्रत्येक बिट शून्य असावा की एक, याचा जुना अंदाज जपून ठेवतो, नव्या प्रतीच्या अंदाजात मिसळतो आणि मगच पुन्हा डिकोड करायला घेतो.