मोंढ्यातली सीसी आणि खिशातलं कार्ड

"बँकेचाच पैसा हाय. सीसीतून उचलला काय अन् कार्डावरून उचलला काय?"

परभणीच्या मोंढ्यात, म्हणजे धान्याच्या बाजारपेठेत, दुकानांचे हिशेब लिहिताना हे वाक्य मी इतक्यांदा ऐकलंय की आता एकदा सविस्तर लिहूनच ठेवतो. त्यात भर म्हणजे लघुरूपही एकच. कॅश क्रेडिट, म्हणजे धंद्यासाठी बँकेनं मंजूर केलेलं फिरतं कर्ज, ते सीसी, आणि क्रेडिट कार्डालाही काही जण सीसीच म्हणतात. मे-जूनमध्ये बियाणं, खतं भरायच्या गडबडीत हा घोळ झाला की तो दिवाळीपर्यंत निस्तरावा लागतो.

सीसी तुम्हाला पाठ आहे, म्हणून थोडक्यात. मालावर आणि गिऱ्हाइकांकडून येणं असलेल्या उधारीवर बँक मर्यादा ठरवते, स्टॉक स्टेटमेंट (शिल्लक मालाचा तक्ता) मागते, वर्षाला नूतनीकरण करते. जेवढी रक्कम जेवढे दिवस वापरली तेवढंच व्याज, तेही रोजच्या शिलकेवर. आज गल्ला भरला की आजपासून व्याज उतरलं. लागलेलं व्याज भरत राहिलात आणि खात्यात उलाढाल ठेवलीत, तर सगळं मुद्दल दर महिन्याला आणून टाका असं कुणी म्हणत नाही.

दोन नावांनी गोंधळू नका. किसान क्रेडिट कार्ड 1998 पासून आहे, पण ते पीककर्ज आहे, वर्षाला नवं-जुनं करायचं. मुद्रा कार्ड म्हणजे मुद्रा कर्जाच्या खात्यावरचं रुपे डेबिट कार्ड. ही दोन्ही सीसीच्या भावकीतली, या लेखातल्या कार्डाशी त्यांचं काही नातं नाही.

आता खरी गोम. कार्डाची जाहिरात सांगते, पन्नास दिवस बिनव्याजी. सीसीची सवय असलेला दुकानदार याचा अर्थ असा लावतो: पन्नास दिवस फुकट, एक्कावन्नाव्या दिवसापासून उरलेल्या रकमेवर व्याज. तसं नाही. बिनव्याजी मुदत ही सवलत आहे आणि तिला एकच अट आहे: बिलाची पूर्ण रक्कम शेवटच्या तारखेपर्यंत भरली पाहिजे. थोडी जरी बाकी ठेवली तरी सवलत मागच्या तारखेपासून रद्द होते. व्याज खरेदीच्या दिवसापासून लागतं, आणि बाकी फिटेपर्यंत त्या कार्डावरच्या नव्या खरेदीलाही पहिल्या दिवसापासून लागतं.

आकड्यांत बघा. कृषी सेवा केंद्रवाल्यानं 5 जूनला 1,00,000 रुपयांचं बियाणं कार्डावर घेतलं. बिल 20 जूनला आलं, शेवटची तारीख 10 जुलै. बिलावर लिहिलेली किमान रक्कम 5,000. त्यानं ती वेळेवर भरली आणि निर्धास्त झाला. कार्डाचा दर महिना साडेतीन टक्के, म्हणजे वर्षाला 42. पहिले 35 दिवस एक लाखावर व्याज झालं 4,027. पुढचे 10 दिवस 95,000 वर 1,093. कार्डाच्या व्याजावर 18 टक्के जीएसटीही लागतो, तो 922. म्हणजे 20 जुलैच्या बिलात 6,042 रुपये वाढले. पाच हजार भरूनही देणं 1,01,042 झालं.

हीच उचल 11 टक्क्यांच्या सीसीतून असती आणि 10 जुलैला तेच 5,000 भरले असते, तर त्याच 45 दिवसांचं व्याज 1,341 रुपये झालं असतं. त्याच्यावर जीएसटी नाही.

पण दरातल्या फरकापेक्षाही मोठी गोष्ट आपल्याकडच्या वसुलीची आहे. मराठवाड्यात बियाण्याचे पैसे शेतकरी कधी देतो? सोयाबीन मोंढ्यात आल्यावर, दसरा-दिवाळीच्या आसपास. कापूस असेल तर त्याच्याही पुढे. पाऊस लांबला, दुबार पेरणी झाली, तर उधारी आणखी वाढते. जूनमध्ये गेलेला पैसा ऑक्टोबर-नोव्हेंबरात परत येतो आणि कार्ड तो जुलैत मागतं. चार-पाच महिन्यांच्या उधारीला पन्नास दिवसांचं कार्ड पुरत नाही, कुठल्याही बँकेचं असलं तरी. हंगामाच्या मालाला सीसीच लागते. यावर माझ्याशी कितीही वाद घाला, मी हलणार नाही.

आणि ते पन्नास दिवसही सरसकट मिळत नाहीत. बिल निघाल्याच्या दुसऱ्या दिवशी खरेदी केलीत तर पन्नासच्या जवळ जाता, बिलाच्या आदल्या दिवशी केलीत तर हातात जेमतेम वीस उरतात.

बिलावरच्या 'किमान रक्कम' या दोन शब्दांचा मला मनापासून राग आहे. ती भरली की विलंब शुल्क लागत नाही, एवढाच तिचा उपयोग. सीसीत 'व्याज भरलं की झालं' अशी सवय असते, म्हणून माणसाला वाटतं इथंही तसंच. नुसती किमान रक्कम भरत राहिलं तर कर्ज महिनोन्‌महिने लांबतं आणि व्याजावर व्याज चढतं, हा इशारा रिझर्व्ह बँकेच्या नियमाप्रमाणे बिलावर छापलेला असतो. तो वाचत कुणी नाही. खात्यातून आपोआप रक्कम कापायचा फॉर्म भरतानाही दोन पर्याय असतात, पूर्ण रक्कम आणि किमान रक्कम. माझ्या ओळखीच्या एका हार्डवेअरवाल्याच्या फॉर्मवर एजंटनं किमानवर खूण केली होती. आठ महिने 'कार्ड आपोआप फिटतंय' या समजुतीत तो होता. वर्षअखेरीला खतावणी जुळवताना ते माझ्या लक्षात आलं, तेव्हा त्याचा चेहरा बघवला नाही.

व्याजाला काही छत असेल, अशीही आशा धरू नका. तीस टक्क्यांच्या वर व्याज घेऊ नये, असा राष्ट्रीय ग्राहक आयोगाचा 2008 चा निकाल होता. सर्वोच्च न्यायालयानं तो 20 डिसेंबर 2024 रोजी रद्द केला.

दुसरी चूक रोखीची. हमाली द्यायची म्हणून कार्ड एटीएमला लावतात. रोख काढली की बिनव्याजी मुदत मुळातच नसते. त्याच दिवसापासून व्याज, वर काढल्याचं शुल्क वेगळं. स्वतःचं कार्ड स्वतःच्याच दुकानातल्या मशीनवर घासून रोख उभी करणारेही आहेत. मशीन देणाऱ्या बँकेशी केलेल्या कराराचा तो भंग आहे, मशीन जाऊ शकतं. कृपा करून करू नका.

तिसरी गोष्ट वरच्या दोन टक्क्यांची. ठोक व्यापारी म्हणतो, कार्ड घेतो, पण दोन टक्के जादा. दुकानदाराला दोन म्हणजे किरकोळ वाटतात. 45 दिवसांसाठी दोन टक्के म्हणजे वर्षाला सोळाच्या वर. बिल जवळ आलेलं असेल आणि वीसच दिवस मिळत असतील, तर छत्तीसच्या वर. अकराची सीसी असताना हे कशाला? त्या व्यापाऱ्याला सीसीतून थेट बँकेमार्फत पैसे पाठवा.

मग कार्ड घ्यावं का? घ्यावं, पण महिन्याच्या आत परत येणाऱ्या खर्चासाठी. टेम्पोचं डिझेल, वीजबिल, मोबाइल, सॉफ्टवेअरची वर्गणी, मुंबईला मालाला गेलात तर लॉज. अशा खर्चाची महिन्याची बेरीज करा आणि तेवढीच मर्यादा मागा. बँक तीन लाख देते म्हणून तीन लाख घेऊ नका. कार्ड एकच, आणि त्यावर घरचा किराणा नको, नाहीतर मार्चमध्ये कुठला खर्च धंद्याचा हे शोधत बसावं लागतं. कार्डाच्या बिलावर तुमचा जीएसटी नंबर टाकून घ्या, वार्षिक शुल्कावरच्या कराचं क्रेडिट, म्हणजे तुमच्या जीएसटीत वजावट, मिळतं.

विमानतळावरचं लाउंज, पॉइंट, सोनेरी अक्षरं यांच्याकडे मी बघतही नाही. देवगिरी एक्सप्रेसनं मुंबई गाठणाऱ्या माणसाला लाउंजसाठी वर्षाला पाच हजार शुल्क भरायचं कारण नाही. वार्षिक शुल्क नसलेलं, रुपेचं, यूपीआयला जोडता येणारं कार्ड बघा. दुकानांच्या क्यूआरवर ते चालतं. उद्यम नोंदणी (छोट्या उद्योगांची सरकारी नोंदणी) असलेल्या सूक्ष्म उद्योगांसाठी 5 लाख मर्यादेच्या खास कार्डाची घोषणा 2025 च्या अर्थसंकल्पात झाली. तेही घेतलंत तरी पूर्ण बिल भरायचा हिशेब तोच धरा.

एखाद्या महिन्यात वसुली अडकली आणि कार्डाचं बिल समोर आलं, तर सीसीतून रक्कम उचला आणि कार्ड पूर्ण फेडा. उलटं कधीही नको. सीसीचं व्याज भरायला कार्डावरून रोख काढणारे मी पाहिलेत, आणि त्यातल्या एकाचीही पुढच्या हंगामाची उचल वेळेवर झाली नाही. तारीख चुकवून तर अजिबात चालत नाही. तीन दिवसांच्या वर थकलं की ते क्रेडिट रिपोर्टमध्ये, म्हणजे तुमच्या कर्जफेडीच्या नोंदीत, जाऊ शकतं, आणि सीसीच्या नूतनीकरणाला बँक तोच रिपोर्ट काढते.

बिलाची तारीख निदान एकदा बदलून मागायचा हक्क तुम्हाला आहे. आपल्याकडे सरकारी पगार, पेन्शन महिन्याच्या पहिल्या आठवड्यात होतात आणि गिऱ्हाइकाची मासिक उधारी त्यानंतर सुटते. म्हणून शेवटची तारीख 10 ते 15 च्या दरम्यान पडेल असं बिल मागा, म्हणजे साधारण 20 ते 25 ला निघणारं.