लंडनची ७, पुण्याची १२६

आईची फाईल म्हणजे साडीच्या दुकानातली प्लास्टिकची पिशवी. तालुक्याच्या दवाखान्यातून तिला पुण्याला हलवलं, तेव्हा रात्रभर ती पिशवी मांडीवर घेऊन बसले होते. डॉक्टरांनी जुना ईसीजी मागितला. कागद सापडला, पण जवळजवळ कोरा! ईसीजीच्या त्या चकचकीत कागदावर शाई नसतेच, उष्णतेने रेषा उमटतात. उन्हात, प्लास्टिकमध्ये राहिला की विरत जातो. आधीचा आलेख दिसला असता, तर आजचा बदल नवा की जुनाच, हे डॉक्टरांना तिथल्या तिथे कळलं असतं.

‘फोटो काढून व्हॉट्सअ‍ॅपवर ठेवायचा ना,’ असं सगळे म्हणतात. ठेवायलाच हवा. पण फोटो डॉक्टर वाचतील, संगणकाला मात्र त्यातली साखर कुठली आणि मूत्रपिंडाच्या तपासणीतलं क्रिएटिनिन कुठलं हे आपोआप उमगत नाही.

साखरेचंच घ्या. लंडनच्या रिपोर्टवर उपाशीपोटीची साखर ७ असते, तीच पुण्यात १२६. तिथे मिलिमोल प्रति लिटर मोजतात, आपल्याकडे मिलिग्रॅम प्रति डेसिलिटर. ग्लुकोजसाठी १८ने गुणलं की झालं. पण एकक गाळून नुसता ७ आपल्या तक्त्यात चिकटवला, तर ती जिवावर बेतण्याइतकी कमी साखर दिसेल. त्यात याच तपासणीला एक लॅब ‘एफबीएस’ लिहिते, दुसरी ‘बीएसएल फास्टिंग’.

यावर तोडगा म्हणजे प्रत्येक तपासणीला जगभर एकच क्रमांक. अमेरिकेतल्या रीगनस्ट्रीफ संस्थेने १९९४ साली ‘लॉइंक’ नावाची अशी यादी सुरू केली. रक्तातली उपाशीपोटीची साखर मिलिग्रॅममध्ये मोजली असेल, तर क्रमांक १५५८-६. मग लॅबने नाव काहीही छापो. हा क्रमांक, आकडा, एकक, तारीख आणि रुग्ण कोण, हे सगळं ठरलेल्या रकान्यांत भरून पाठवायची पद्धत म्हणजे ‘फायर’. भारतात या मानकांचं काम पाहणारं राष्ट्रीय केंद्र आपल्या पुण्यातच, सी-डॅक या सरकारी संगणक संस्थेत आहे.

२७ सप्टेंबर २०२१ रोजी देशभर सुरू झालेलं आयुष्मान भारत डिजिटल मिशन याच पायावर उभं आहे. १४ आकडी आभा क्रमांक, म्हणजे आपल्या आरोग्य खात्याचा क्रमांक, काढला की आपले सगळे रिपोर्ट दिल्लीत जमा होतात, असा अनेकांचा समज आहे. तसं नाही. रिपोर्ट जिथे तयार झाला तिथेच राहतो. नव्या डॉक्टरांनी मागितला की आधी आपल्या मोबाईलवर विचारणा येते: कोणते कागद, कोणत्या काळातले, किती दिवसांसाठी. आपण हो म्हटलं तरच तो सांकेतिक कुलूप लावून त्या डॉक्टरांकडे जातो. दिलेली संमती मुदतीआधी मागेही घेता येते. मला या व्यवस्थेतली ही सर्वांत मोलाची गोष्ट वाटते, कारण एचआयव्हीचा किंवा मानसिक आजाराचा कागद कुणाला दाखवायचा, हे ज्याचं त्यानेच ठरवायला हवं.

पण हाताने लिहिलेलं डिस्चार्ज कार्ड स्कॅन करून चढवलं, तर काम निम्मंच होतं. तालुक्याच्या डॉक्टरांनी एका ब्रँडची अम्लोडिपिन दिली, पुण्याच्या डॉक्टरांनी दुसऱ्या ब्रँडची, तर रक्तदाबाची एकच गोळी दोनदा पोटात जातेय हे संगणक त्या स्कॅनवरून कसं ओळखणार? औषधाचं मूळ नाव आणि मात्रा रकान्यात भरलेली असली, तरच तो सावध करू शकतो. बाह्यरुग्ण विभागात रांग लागलेली असताना हे टाईप करायला डॉक्टरांना उसंत नसते. तिथे टायपिंगला एखादा माणूस द्यायलाच हवा.

आता आईचा ईसीजी काढला की मी त्याच दिवशी साध्या कागदावर झेरॉक्स काढते. तिचा आभा क्रमांकही फाईलच्या पहिल्या पानावर लिहून ठेवलाय. पिशवी मात्र अजून बरोबर असतेच.