भुंगा, तेरडा आणि अंजनेरीचे पठार : एक पार्श्वभूमी

कोरडे लाकूड सहज पोखरणारा भुंगा कोवळ्या कळीत मात्र अडकून पडतो, हा दृष्टान्त ज्ञानेश्वरीच्या पहिल्याच अध्यायात आहे. काळ शके 1212, म्हणजे इ.स. 1290. विषय अर्जुनाच्या मोहाचा, पण निरीक्षण पक्के. काळा भुंगा खरोखरच वाळलेल्या लाकडात किंवा बांबूत बीळ कोरून घर करतो. ज्ञानेश्वरांचे थोरले बंधू आणि गुरू निवृत्तिनाथ यांची समाधी त्र्यंबकेश्वरी आहे. मागे ब्रह्मगिरी, नाशिकच्या वाटेवर अंजनेरी. पावसाळ्याच्या उतरत्या दिवसांत या डोंगरांच्या माथ्यावर सोनकी, तेरडा, कवला यांचा जो फुलोरा येतो, त्यात हा भुंगा आजही घोंघावत असतो.

भुंगा राहतो कुठे हे ठाऊक होते. तो फुलात शिरून फुलाचे काय काम करतो, हे कळायला जगाला अठरावे शतक उजाडले. जर्मनीत कोलरॉयटर या वनस्पतिशास्त्रज्ञाने 1761 पासून प्रयोगांनिशी मांडले की कित्येक फुलांत परागकण कीटकच पोहोचवतात. खरा पल्ला गाठला तो श्प्रेंगेल या शाळामास्तराने. 1787 च्या उन्हाळ्यात एका रानफुलाच्या पाकळीच्या तळाशी त्यांना बारीक केस दिसले. केस उगाच नसणार, या हट्टाने त्यांनी शोध घेतला आणि निष्कर्ष काढला की आतल्या मधुरसात पावसाचे पाणी मिसळू नये म्हणून ही झालर आहे. मग पाकळीवरच्या रेघा, ठिपके, देठाचा बाक, सगळ्याचाच अर्थ ते लावत सुटले. 1793 मध्ये त्यांचे पुस्तक आले. कोणी फारसे विचारले नाही, आणि फुलांच्या नादात शाळेकडे दुर्लक्ष होते म्हणून नोकरीही गेली. त्यांना न्याय मिळाला तो डार्विनकडून, आणि डार्विनचे आमरींवरचे, म्हणजे ऑर्किडवरचे, पुस्तक 1862 चे. म्हणजे सत्तर वर्षांनी!

श्प्रेंगेल यांनी दाखवलेली एक गोष्ट आपल्या तेरड्यात पाहता येते. एकाच फुलात नर आणि मादी दोन्ही भाग असले तरी ते एका वेळी कामाला येत नाहीत. ताज्या फुलात वरच्या बाजूला पुंकेसरांची एकसंध टोपी असते आणि तिच्याखाली स्त्रीकेसर झाकलेला असतो. मागच्या शेपटीसारख्या नळीतला रस प्यायला माशी आत आली की या टोपीवरचे पराग तिच्या पाठीला लागतात. पुढे टोपी गळून पडते, स्त्रीकेसराचे टोक उघडे होते, आणि त्याच जागी दुसऱ्या फुलातून आलेले पराग चिकटतात. तेरड्याचा रंग तीन दिवस, असे आपण चंचल माणसाला म्हणतो. तेरड्याने त्या तेवढ्या दिवसांत दोन पाळ्या उरकलेल्या असतात.

मुंबई इलाख्यातल्या वनस्पतींची रीतसर नोंद याच सुमारास सुरू झाली. डाल्झेल आणि गिब्सन यांचा ग्रंथ 1861 चा, थिओडोर कुक यांचा 1901 ते 1908 या काळातला. झाडे नावानिशी लागली, पण कोणत्या फुलावर कोण येते हा रकाना त्या वह्यांत जवळजवळ नाहीच. वाळवून कागदावर चिकटवलेल्या फुलावर माशी कशी येणार? ही उणीव अजून भरलेली नाही, असे माझे मत.

अंजनेरीवर तर फुलेही सगळी मोजून झाली नव्हती. सेरोपेजिया अंजनेरिका ही कंदीलपुष्पाची नवी जात शास्त्रज्ञांनी 2006 मध्ये नोंदवली आणि तिला डोंगराचेच नाव दिले. कंदीलपुष्पांचा कारभार तेरड्यासारखा सरळ नाही. वर पाकळ्यांचा पिंजरा, खाली नळी, तळाशी फुगीर कोठडी. वासाला भुलून चिलटाएवढी माशी येते आणि घसरून आत पडते. नळीतल्या केसांची टोके खाली वळलेली, त्यामुळे परतीची वाट बंद. आत धडपडताना परागांची चिमुकली पिशवी तिच्या सोंडेला अडकते. काही काळाने केस सुकतात, माशी सुटते आणि पुढच्या कंदिलात पुन्हा फसते. दक्षिण आफ्रिकेतल्या एका कंदीलपुष्पाला तर जखमी मधमाशीसारखा वास येतो, हे 2016 मध्ये उघड झाले. कोळ्याने धरलेल्या मधमाशीवर ताव मारणाऱ्या बारीक माश्या त्या वासाने धावत येतात. अंजनेरीवर गाडीरस्ता नेण्याचा प्रस्ताव आला तेव्हा विरोध करणाऱ्यांनी गिधाडांबरोबर या बोटभर रोपाचेही नाव पुढे केले होते.

पठाराची माती वीतभरही नसते. खाली काळा पाषाण, वर साचलेले पाणी, मातीत कस नाहीच. म्हणून सीतेची आसवे हे फूल चिखलातले सूक्ष्म जीव इवल्या फुग्यांत पकडून पोट भरते, आणि त्याच वेळी लांब दांड्यावर जांभळे फूल धरून कीटकांना बोलावते. खाली शिकार, वर आमंत्रण. सातबाऱ्यावर मात्र अशा जमिनीची ओळख पोटखराबा किंवा पडीक. पडीक म्हटले की कुणाला तरी झाडे लावायची घाई होते, आणि लावलेल्या गिरिपुष्पाच्या झाडांची सावली पडली की सोनकी हटते. गुरे माफक चरणे आणि बी गळून गेल्यावर गवत कापणे माळाला मानवते. हिरवे करण्याच्या हौसेपोटी त्यावर खड्डे खणू नयेत.

डोंगराखालच्या शेतीत कीटकांचा विचार उशिरा आला. नाशिकची मुख्य ओळख द्राक्षाची, आणि त्याच्या फुलाला मधमाशीवाचून फारसे अडत नाही. कांद्याचे बी धरणाऱ्याला मात्र अडते. डेंगळ्यावरच्या, म्हणजे कांद्याच्या फुलदांड्यावरच्या, गोंड्यात शेकडो फुले, आणि प्रत्येकात तेरड्यासारखेच आधी पराग, मग स्त्रीकेसर. माशी फिरली नाही तर गोंडा पोचट राहतो. यावर सोपा उपाय म्हणून मधपेट्या आल्या. त्यातली बरीचशी माशी युरोपीय मेलिफेरा, जिचे भारतात 1962 मध्ये हिमाचलातल्या नगरोटा बगवाँ इथे बस्तान बसले. आपली सातेरी आणि आग्या तिच्या आधीपासूनच्या.

पेटीतल्या माशीला सगळेच जमते असे नाही. येवला, मनमाडकडच्या कोरड्या माळांवर तरवड पिवळाधमक फुलतो. त्याच्या पुंकेसराला टोकाशी फक्त बारीक भोक असते. भुंगा आखूड केसरांना मिठी मारतो, पंख न हलवता छातीचे स्नायू थरथरवतो, घूंऽऽ असा आवाज चढतो आणि भोकातून परागांची भुकटी उडते. ती तो गोळा करत असताना लांब केसरांतले पराग त्याच्या अंगावर नकळत बसतात. पिंपळगावच्या बाजारात येणाऱ्या टोमॅटोचे फूलही याच घडणीचे. ते वाऱ्याने हलून स्वतःपुरते भागवते, पण थरथर मिळाली तर फळ चांगले भरते. मधमाशीला ही थरथर येत नाही. ज्याला येते तो भुंगा वाळक्या लाकडात राहतो, आणि बांध साफ करताना आधी तेच जळणात जाते.